बाबा, क्लास राहू दे, कलमं बांधायला घेतलीत

आई, बाबा,

पावसामुळे फोन धड लागत नाहीये म्हणून टाइप करूनच पाठवतेय, दादाला वाचून दाखवायला सांगा. बाबांचा गुडघा कसाय? फिजिओवाला येतो ना रोज?

बाबा, तुमचा मेसेज वाचला, की आधी दापोलीला विद्यापीठात जाऊन रीतसर ट्रेनिंग घे आणि मगच ब्लेड हातात धर. ट्रेनिंगला मी जाणार आहे हो, नाही कोण म्हणतंय, पण कोयी थांबतात का? गादीवाफ्यावर टाकलेल्या रायवळ म्हणजे गावठी आंब्याच्या कोयी उगवल्यात, पानं अजून तांबूस आहेत, आणि कोय कलम बांधायचं ते याच वयात, रोप 15-20 दिवसांचं कोवळं असताना. एकदा रोप जून झालं की हे वर्ष गेलं. म्हणून वाडीतल्या काकांना विचारायला गेले तर त्यांनी काही समजावलंच नाही, पाट पुढे सरकवला, म्हणाले बस, बांधायला लाग.

व्हिडिओ बघून वाटायचं सोप्पंय, खुंट म्हणजे ते कोयीचं रोप वरून छाटायचं, मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून आत बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली की झालं. पण ब्लेड एका ओढीत गेलं पाहिजे, खरवडत बसलं की काप वरखाली होतो, आत फट राहते, पाणी शिरतं आणि काडी काळी पडते. चिकाने ब्लेड पण सारखं चिकट होतं, पुसत राहायचं. काडी खुंटाएवढी जाड नसेल तर ती मध्ये नाही, एका कडेला सरकवून बसवायची, एका बाजूची तरी साल सालीला भिडली पाहिजे, कारण जोड धरतो तो सालीच्या लगेच आतला थर. हे सगळं वहीत होतं माझ्या, अंडरलाइन करून. पण पट्टीचा पहिला वेढा देताना काडी सटकते तेव्हा अंगठा कुठे दाबून धरायचा ते वहीत नव्हतं, ते काकांनी माझा अंगठा धरून दाखवलं.

आता माझ्या कलमांना पालवी दिसायला लागलीय, पण आई लगेच शेजारी सांगत सुटू नकोस. काडीतल्या साठ्यावर पण पालवी येते आणि मग मान टाकते, त्यामुळे जोड धरलाय की नाही ते पुढे कळेल. जोडाखालून फुटवा आला की मी लगेच खुडते, नाहीतर रायवळच वाढायचा.

कॉन्फिडन्स आला की कर, हे तुमचं नेहमीचं, बाबा. मला तर तो ब्लेड धरल्यावरच थोडाथोडा यायला लागला. आणि रायवळच्या कोयी काय फुकटच्या, वाया गेल्या तरी कितीसं नुकसान? आजोबांच्या जुन्या झाडाचा शेंडा छाटून त्यावर नवं कलम करायचं असतं तर मी पण थांबले असते, तिथे नुसतं 'बघू करून' चालत नाही.

बरं, एक काम आहे. पुढच्या काड्यांसाठी मागच्या दारच्या हापूसची पानं आजच छाटलीत, देठ ठेवून, म्हणजे आठवड्याभरात डोळे फुगतील. विहिरीजवळच्या झाडाच्या पण काड्या घ्यायच्यात, पण दादा म्हणतो ते पायरी आहे आणि काका म्हणतात हापूस. आई, तुला नक्की आठवत असेल, लेबल लिहायच्या आधी सांग. आणि रत्ना जातीच्या आंब्याच्या काड्या कुणाकडे मिळतील बाबा? तिच्यात साका होत नाही, म्हणजे गर आतून पांढरट स्पंजसारखा होत नाही, म्हणून थोडी ती पण बांधीन म्हणते.

तुमची,
छकुली