रांगेत चार खुर्च्या तरी ठेवा

संपादक महोदय,
२० मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाला आईला घेऊन सिडकोतल्या एका केंद्रावर गेलो, उन्हात दीड तास रांग, शेवटी बिचारी चपला काढून त्यावरच बसली. वय ७८, आणि घरून मतदानाची सोय ८५ च्या पुढच्यांनाच. मागचे दोघं कंपनीची शिफ्ट होती म्हणून मत न देताच निघून गेले, फार वाईट वाटलं. आता एका केंद्रावर जास्तीत जास्त १२०० मतदार ठेवायचं आयोगाने ठरवलंय ते उत्तमच झालं, पण मांडव, पाणी, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या आणि मोबाईल ठेवायची सोय प्रत्येक केंद्रावर खरंच दिसू द्या, एकटा आलेला माणूस मोबाईल देणार कुणाकडे?

एक मतदार, सिडको, नाशिक