ऑक्सपेकरला रक्तपिपासू ठरवण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतील गेंड्याच्या किंवा जिराफाच्या अंगावर बसणारा ऑक्सपेकर हा पक्षी त्यांच्या अंगावरील गोचीड टिपून खातो, म्हणून पूर्वी जनावरांचा सेवक म्हणून वाखाणला जाई. अलीकडे मात्र त्याला सरसकट रक्तपिपासू म्हणण्याची चढाओढ दिसते. आधार दिला जातो तो संशोधक पॉल वीक्स यांनी झिम्बाब्वेत केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा. पक्ष्यांना दूर ठेवूनही बैलांवरील गोचीड फारसे वाढले नाहीत, उलट पक्षी जखमा टोचून ओल्या ठेवतात, असे त्यात आढळले. निरीक्षण खरे आहे, पण ते पाळीव बैलांपुरते आहे.

हा पक्षी रानात कोणते जनावर निवडतो, हे पाहणे मला अधिक उद्‌बोधक वाटते. रक्त हेच त्याचे मुख्य लक्ष्य असते, तर पातळ कातडीची जनावरे त्याने आधी गाठली असती. २०११ साली संशोधक चार्ल्स नन आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले, तेव्हा कातडीच्या जाडीचा निवडीशी संबंध आढळला नाही. ज्या जातीच्या अंगावर गोचीड जास्त, तिला पसंती अधिक, असे मात्र स्पष्ट दिसले. अर्थात यजमानाची संमतीही लागतेच. हत्ती एवढा अवाढव्य, पण तो या पक्ष्याला सहसा अंगाला लागू देत नाही. जिराफ मात्र मानेवर आखूड पायांनी, अणकुचीदार नख्या रोवून चढणारा आणि चोच कात्रीसारखी चालवत आयाळ विंचरणारा हा पाहुणा निमूटपणे सोसतो.

ही निवड किती महाग पडू शकते, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत मिळतो. पिवळ्या चोचीची जात प्रामुख्याने रानम्हैस, गेंडा, जिराफ अशा थोराड जनावरांवर विसंबते, तर लाल चोचीची जात इम्पालासारख्या लहान हरणांवरही भागवते. १८९६-९७ च्या बुळकांडीच्या साथीत रानम्हशींचे कळपच्या कळप संपले. उरलेल्या गुराढोरांना गोचीड मारण्यासाठी आर्सेनिकच्या हौदातून काढले जाऊ लागले, म्हणजे जे खाद्य उरले तेही विषारी झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी पिवळ्या चोचीचा ऑक्सपेकर त्या देशातून नाहीसा झाला; लाल चोचीचा घटला, पण टिकून राहिला. क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पिवळ्या चोचीचे पक्षी पुन्हा दिसण्यास १९७९ साल उजाडावे लागले.

आपला,
एक वाचक, सातारा