नंद्यास, फ्रीजच्या निमित्ताने

ऐरोली, रविवार रात्र

नंद्या,

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच. फोनवर तू मधेच तोडतोस आणि मला आकडे सलग मांडायचेत, म्हणून लिहितोय.

मिसळीच्या गाडीवर सोलर बसवायच्या माझ्या सगळ्या स्कीमवर वैशालीने आज पाणी फिरवलं. तेही गोठवलेलं.

जनरेटरचा प्रकार तुला माहीतच आहे. महापेला दुपारी गाडी लावली की त्याच्या आवाजात गिऱ्हाईक 'तर्री' ओरडतं आणि मी फरसाण टाकतो. पेट्रोल शंभरीपार, लिटरमागे जेमतेम दीड-दोन युनिटं पडतात. त्यात गेटवरच्या वॉचमनने 'साहेब लोकांना मीटिंगमध्ये आवाज येतो' म्हणून दोनदा गाडी हलवायला लावली. मग तुझाच मंत्र काढला, आधी मोज, मग जोड. डीप फ्रीजला मीटर लावून बसलो. उन्हात तापलेल्या गाडीत त्याला दिवसाला दीड युनिट लागतं. मिक्सर, एक्झॉस्ट, दिवे, पैसे आल्याचं ओरडणारा तो डबा, सगळं धरून सव्वादोन. शेगडी गॅसचीच. पोरगी इंडक्शन म्हणत होती. दोन हजार वॅट तीन तास म्हणजे सहा युनिटं, तिला गुणाकार करून दाखवला तर म्हणाली, बाबा, तुम्ही बोअर आहात.

आता आपल्या छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा हौदा २.२ मीटर बाय दीड. त्याच्यावर ५५० वॅटचं एकच पॅनल बसतं, तेही किंचित बाहेर डोकावून. आडवं ठेवलं की चांगल्या उन्हात पावणेदोन-दोन युनिटं. जुलैत त्याच्या साधारण निम्मीच. उरलेलं बॅटरीने भरायचं आणि बॅटरी रात्री पार्किंगमध्ये चार्ज करायची, असा बेत. इंजिनवरून चार्ज कर म्हणू नकोस. ऐरोली ते महापे अर्ध्या तासात पाव युनिटही मिळत नाही, काढून बघितलंय.

इथे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. समोरच्या विंगमधल्या गाडीला चार्जिंग पॉइंट दिलाय, मला नाही. का, तर 'ती गाडी आहे, तुमचं दुकान आहे.' मीटिंगमध्ये मी आवाज चढवला. मग त्यांनी शांतपणे वीज कायद्याचं कलम १२६ काढलं. घरगुती वीज धंद्याला वापरली तर दुप्पट दराने आकारणी. नंद्या, माणूस बरोबर आहे. तिथेच जास्त लागलं. चुकीचा असता तर भांडायला मजा आली असती, आपल्या मंडळाच्या वायरिंगमधल्या न्यूट्रलवरून तू आणि मी भांडलो तसं. (न्यूट्रल तूच ढिला ठेवला होतास. नाना साक्षीला आहेत.)

तरी मी लिथियम बॅटरीचं कोटेशन आणलं, २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर, म्हणजे अडीच युनिटांची. जागाही ठरवली, केबिनच्या मागे बाहेरच्या पेटीत, उंचावर. काउंटरखाली नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि तिथेच इन्व्हर्टरची ठिणगी म्हणजे मिसळीबरोबर आम्हीपण. बारा व्होल्टऐवजी चोवीस कशासाठी, हे तुला सांगायला नको. दोन हजार वॅटला १६५ अँपिअर आणि ८० यांत केबलच्या जाडीचा फरक पडतो आणि बिलाचाही.

हे सगळं वैशालीला रंगवून सांगितलं. ती मटकी निवडत होती. म्हणाली, "फ्रीज गाडीत कशाला न्यायचा? रात्री घरच्या फ्रीजरमध्ये बाटल्या गोठवा, सकाळी थर्माकोलच्या पेटीत टाका. पाणी गोठवायला सेक्रेटरीची परवानगी लागते का?"

मी हसलो. मग रात्री हिशोब केला. दहा किलो बर्फ वितळताना सव्वानऊशे वॅट-अवर उष्णता खातो. दही, सोलकढी आणि चिरलेला कांदा एवढंच गार ठेवायचंय. पंधरा किलोत दुपार निघते, चांगली जाड पेटी हवी एवढंच. आणि फ्रीजच गेला की सव्वादोनाचं पाऊण युनिट होतं. पाऊण युनिट पॅनल ढगातसुद्धा रडतखडत देईल. बॅटरी निम्मी पुरेल, कदाचित त्याहून छोटी. कलम १२६ बाटलीला लागतं का, हा प्रश्न मी मुद्दाम सेक्रेटरींना विचारणार नाहीये.

खरं सांगू? मला वाईट वाटतंय. एवढा सुंदर सर्किट डायग्राम काढला होता, फ्यूज बॅटरीच्या अगदी टर्मिनलशी, तुला आवडला असता. आणि कंप्रेसरच नाही म्हटल्यावर सुरू होतानाचा तो झटका पेलायला मोठा इन्व्हर्टर नको, म्हणजे डायग्राममधला अर्धा रुबाबच गेला. वैशाली विचारते, एवढे पैसे वाचले तर तोंड का असं? तिला काय सांगू. तुला कळेल.

आईंच्या मोतीबिंदूचं झालं का? प्राजूला बारावीनंतर डिप्लोमाला घाल, तिचा हात बसलाय. वहिनींना म्हणावं, कुळीथ पीठ संपलं.

एक मात्र तू सांग. बॅटरी निम्मी घ्यायची की पुढे कधी फ्रीज परत येईल म्हणून पूर्ण? वैशालीचं मत मला माहीत आहे, म्हणून तुझं विचारतोय. शुक्रवारपर्यंत कळव, दुकानदार कोटेशन तोवरच धरणार आहे. आणि येशील तेव्हा क्रिंपिंग टूल आण, माझं तू दिवाळीपासून नेलेलंच आहेस.

तुझा,
बाळ्या