ठिपके हलतच नाहीत

संपादक साहेब,
थॉटवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी २०१० पासून टेक्नॉलॉजी रडार नावाचा तक्ता काढते, वर्षातून साधारण दोनदा, त्यात ॲडॉप्ट, ट्रायल, असेस, होल्ड अशी वर्तुळं आणि प्रत्येक सॉफ्टवेअर टूलचा त्यांत एक ठिपका, म्हणजे कुठलं टूल बिनधास्त वापरायचं आणि कुठल्यापासून जरा लांब राहायचं ते एका नजरेत कळतं. आमच्या हिंजवडीतल्या कंपनीनेही तसाच रडार केला, मस्त रंगीत, पॅन्ट्रीशेजारी लावला, पण दीड वर्षात एक ठिपका हलला नाही! ट्रायलमधलं एक टूल तर कधीच बंद पडलंय, त्यावर कुणीतरी बर्थडेची चिठ्ठी चिकटवलीय. अहो, ट्रायल म्हणजे खऱ्या प्रोजेक्टवर वापरून बघणं, मॅनेजर कॉन्फरन्सहून आला म्हणून ठिपका लावणं नव्हे. आणि होल्डमध्ये टाकायला कुणी धजत नाही, कारण ते टूल साहेबांनीच आणलेलं असतं.

– एक डेव्हलपर, पुणे