समुद्राकडच्या स्टीलला गंज का येतो ते आम्हालाही शिकवा

मा. संपादक,

माझं म्हापशात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि पावसाळा संपला की कळंगुट-कांदोळीकडून ठरलेले फोन सुरू होतात, पात्रांव, स्टेनलेस म्हणून पैसे घेतलेत आणि रेलिंगला तांबूस डाग आलेत. जाऊन बघावं तर डाग बरेचदा वेल्डिंगच्या जोडावर नसतातच, जोडाच्या बाजूला जो निळसर-पिवळा पट्टा उठतो आणि घाईत कोणी साफ करत नाही, नेमके तिथे असतात.

स्टेनलेसला वाचवते ती क्रोमियमच्या ऑक्साइडची साय, जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे अणूंचे दहाएक थर बस्स. वेल्डिंगच्या उष्णतेने वरचं क्रोमियम त्या रंगीत पट्ट्यात जातं, खालच्या थरात ते कमी पडतं, आणि खाऱ्या हवेतलं क्लोराइड तिथेच घुसतं. जाड प्लेटमध्ये आणखी एक भानगड, ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ राहिली की त्यातला कार्बन धातूच्या कणांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमला धरून बसतो, शेजारची पट्टी उघडी पडते. ही पट्टी इतकी अरुंद की साध्या मायक्रोस्कोपला दिसणं कठीण. म्हणून तर ३०४ एल जातीच्या स्टेनलेसमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच ठेवतात, आणि किनाऱ्यावर २-३ टक्के मॉलिब्डेनमवालं ३१६ घ्या म्हणतात. गिऱ्हाईक मात्र अजून लोहचुंबक लावून बघतं! अहो, स्वस्तातलं २०२ जातीचं स्टेनलेस सुद्धा चुंबकाला चिकटत नाही.

आता असली बारीक पट्टी तपासायला अणू मोजायचं मशीन आहे, अॅटम प्रोब. धातूची १०० नॅनोमीटरहून बारीक टोकाची सुई करतात, मोठा व्होल्टेज देऊन एकेक अणू उडवतात आणि समोरच्या डिटेक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून तो लोखंड की क्रोमियम ते ओळखतात. ह्याची सुरुवात जिथून झाली त्या फील्ड आयन मायक्रोस्कोपमध्ये १९५५ साली अमेरिकेत पेन स्टेटला टंगस्टनचे सुटे अणू जगात पहिल्यांदा दिसले, ते एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांना. आपल्या किती इंजिनिअरिंगच्या मुलांना हे नाव माहीत असेल? आज आयआयटी मद्रासमध्ये हे मशीन राष्ट्रीय सुविधा म्हणून आहे, दुसऱ्या संस्थांना लांबून बसून वापरता यावं अशी सोयही केली आहे.

गोव्याला हे परकं नाही. मांडवीचा जुना पूल १९८६ मध्ये कोसळला, त्यात काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या केबल गंजणं हे मोठं कारण होतं, आणि लोकांना परत फेरीबोटीच्या लायनीत उभं रहावं लागलं. आपण वर्षानुवर्षं लोहखनिज जहाजांत भरून पाठवलं, पण तयार लोखंड इथल्या हवेत कसं टिकतं याचा अभ्यास इथेच जोरात व्हायला हवा होता असं मला वाटतं.

फर्मागुडीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, सगळं तास-दीड तासाच्या अंतरावर. त्यांनी आमच्याकडचे गंजलेले तुकडे घ्यावेत, फुकट देतो, पोत्याने देतो. तपासावेत, आणि जे निघेल ते आयटीआयच्या वेल्डिंगच्या पोरांना मराठी-कोंकणीत समजावून सांगावं, की पिकलिंग पेस्ट, म्हणजे आम्लाचा लेप, लावून पट्टा काढणं म्हणजे नुसती चमक आणणं नव्हे. एक शनिवार ठरवा, वर्कशॉप बंद ठेवून आम्ही येतो.

— एक फॅब्रिकेशनवाला, म्हापसा