नऊ क्रेडिट

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा इकडे पावणेबारा झाले होते. आई म्हणाली, आता झोपा, सकाळी तीच करेल फोन. ती झोपली. घट बसलेत ना, मी उपास करत नाही पण उरलेली साबुदाण्याची खिचडी संपवायला मीच असतो. ती संपवली आणि कागद घेतला. व्हॉट्सअॅपवर कितीही लिहिलं तरी तुझं 'ओके बाबा' येतं, म्हणून कागद. दादा सकाळी फोटो काढून पाठवेल. त्याला वाचू नकोस म्हणून सांगितलंय, तरी वाचेल.

आधी कामाचं. काल म्हणालीस तो कोर्स सोडायचा असेल तर सोड. मी नाही म्हणत नाही. पण बटण दाबण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन ये. तीन कोर्स, प्रत्येकी तीन क्रेडिट, झाले नऊ. एक गेला की सहा. तुमच्याकडे पूर्णवेळ म्हणजे नऊ, हे तुझ्याच अॅडमिशनच्या कागदावर आहे, झेरॉक्स माझ्या फायलीत आहे. परवानगी न घेता नऊच्या खाली गेलीस तर अमेरिकेच्या व्हिसाचं स्टेटस जातं. वेबसाइट बटण दाबू देते म्हणजे ते चालतं असं नाही. त्याच्या जागी दुसरा कोर्सही आता मिळणार नाही, ती मुदत सुरुवातीलाच संपली, तूच ऑगस्टमध्ये सांगितलं होतंस. मार्कशीटवर डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण, येईल, येऊ दे. डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे.

हे सगळं काल दोनदा सांगून झालं आणि दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. चढायला नको होता. परत तेच लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, तर अर्धं पान त्यातच गेलं.

काय करू, एकतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात खिडकीत बसलो. वर्षातून एकदा परीक्षेचे फॉर्म असायचे तेव्हापासून. मग 2011 ला आमच्याकडे क्रेडिट आणि सेमिस्टर आलं आणि जी रांग वर्षातून एकदा जिन्यापर्यंत जायची ती दोनदा जायला लागली. आता राण्यांची सानिका येते विचारायला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, दर सेमिस्टरला नवी निवड. मिळालेले क्रेडिट बँकेत जमा होतात आणि सात वर्षं राहतात म्हणे. मी म्हटलं, व्याज किती? ती हसली नाही.

खिडकीतला माणूस वाईट नसतो, त्याला तारखेची सवय लागते. 1999 ची गोष्ट. तुझ्या आईला माहीत आहे, तुला नाही. टी.वाय. बी.कॉम.चा एक मुलगा फॉर्म घेऊन आला. लेट फीची मुदतही आदल्या दिवशी संपली होती. फॉर्म नीट भरलेला, अक्षर चांगलं, फोटो चिकटवलेला. पैसे मुठीत, दहा-दहाच्या नोटा. मी म्हटलं, काल यायचं होतंस. तो म्हणाला, सर, एवढा घ्या. मी म्हटलं, गठ्ठा विद्यापीठात गेला. तो गेला नव्हता मुक्ता. माझ्या मागच्या टेबलावर होता, सुतळी बांधलेला. सुतळी सोडायची, एक फॉर्म सरकवायचा, परत बांधायची, एवढंच काम. माझी साडेपाचची कल्याण लोकल चुकली असती. त्याला उशीर का झाला ते मी विचारलं नाही. खिडकीत तसं कोणी विचारत नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग फॉर्मची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. ती घडी मला अजून दिसते. त्याचं नाव आठवत नाही.

काल तू म्हणालीस, एक कोर्स सोडतेय. मी लगेच विचारलं, किती उरतात?

रात्री हिशेब केला. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात तीन तास आणि बाहेर त्याच्या दुप्पट अभ्यास, असं तूच एकदा समजावलं होतंस. म्हणजे नऊ क्रेडिटचे 27 तास. वर ते कॅन्टीनचं काम 20 तास. झाले 47. शिवाय स्वयंपाक, कपडे, बसची वाट. व्हिसा कॅम्पसवर 20 तास काम करू देतो म्हणून 20 करायलाच हवेत असं कुठे आहे? दहा कर. पैशाचं मी बघतो. भांडुपची जागा आपली आहे, पेन्शन वेळेवर येते, आजीची औषधं दादा भरतो. कर्जाचा हप्ता माझी डोकेदुखी, तुझी नाही. हे आधी म्हणायला हवं होतं. तू स्वतःच्या जोरावर तिकडे गेलीस हे मी सोसायटीत चौघांना सांगत फिरतो आणि तुलाच सांगायचं राहतं.

आणि कारण कामाचं नसेल, तब्येतीचं असेल, तर तेही सांग. डॉक्टरांचा कागद असेल तर कमी क्रेडिटची परवानगी मिळते, मात्र ती कोर्स सोडण्याआधी घ्यावी लागते. बघ, परत आलो तिथेच. तू माईआत्यावर गेलीयस असं आजी म्हणायची तेव्हा आम्ही हसायचो. माईही काही बोलायची नाही, सगळं झेपतंय म्हणायची. तुझा काल फोनवर आवाज बसलेला वाटला. आई म्हणते रेंजमुळे. मला रेंज आणि आवाज यातला फरक कळतो.

सोमवारी ते ऑफिस सकाळी नऊला उघडेल तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा. मी फोनपाशी बसून राहणार नाही. नेहमीसारखा स्टेशनपर्यंत चक्कर मारून येईन, फोन खिशात असेल, आवाज मोठा करून. आधी त्यांना भेट, मग मला कर. किंवा आधी मला कर.

बाबा

ता.क. पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन नोव्हेंबरात उघडतंय म्हणालीस. फी बाकी असली तर होल्ड लागतो, म्हणजे रजिस्ट्रेशन अडतं. उरलेला हप्ता पाच तारखेच्या आत पाठवतो, तू कॅन्टीनच्या पैशातून भरू नकोस.