आधी दोरा आण, किट नंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चौथीचं विज्ञान गळ्यात पडताच तू आधी साहित्याची यादी मागितलीस, हे अगदी तुझ्या स्वभावाला धरून झालं. घे यादी: दोरा, वॉशर, पाठकोरे कागद, कात्री आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ. तयार किट इतक्यात मागवू नकोस. त्यात सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असतं, मुलांच्या वाट्याला फक्त सूचना वाचणं येतं.

सुरुवात लंबकापासून कर. दोऱ्याला वॉशर बांधून झुलवायचा आणि विचारायचं, आणखी दोन वॉशर लावले तर झोके भराभर पडतील की सावकाश? प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहून घे, तोही कुणी हात लावायच्या आधी. बरीच मुलं ‘जड म्हणजे जोरात’ म्हणतात, आणि मोजल्यावर फरक दिसत नाही. यात एक मेख आहे. वॉशर एकाखाली एक बांधत गेलं तर लंबकाची लांबी वाढते आणि झोका खरंच मंदावतो. ते एकाच जागी अडकवावे लागतात. पण हे तू बोलायचं नाहीस. दोन गटांची उत्तरं जुळेनाशी झाली की वर्गात जी हमरीतुमरी होते, तिच्यातूनच ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हे त्यांना उमगतं. पुस्तकात हे छापलेलं असतं, पण डोक्यात शिरत नाही.

मोजायचं कसं तेही त्यांनाच ठरवू दे. एकच झोका मोजताना हमखास गडबड होते. दहा मोजून दहाने भागायचं कुणाला तरी सुचतं. नाहीच सुचलं तर हळूच पेरून दे. झोका लहान ठेवून दोरा साधारण २५ सेंटिमीटरचा घेतला, तर लंबक एका सेकंदात जाऊन परत येतो. मग म्हण, आता दोन सेकंदांचा करून दाखवा. सगळे ५० सेंटिमीटर दोरा कापतात आणि वेळ येते सुमारे १.४ सेकंद! तिथे त्यांना थोडं अडकू दे. लागतो जवळजवळ १ मीटर. चौथीत सूत्र नकोच. दुप्पट वेळेला चौपट दोरा, एवढं हाताला कळलं की झालं. लंबकाच्या या शिस्तीवर डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये घड्याळ बेतलं, ही गोष्ट जरूर सांग, पण शेवटी. आधी सांगितलीस तर मुलं लंबकाकडे बघायचं सोडून तुझ्या तोंडाकडे बघत बसतील.

यानंतर पूल. दोन पुस्तकांमध्ये वीतभर अंतर, एक कागद, गोंद नाही, चिकटपट्टी नाही. जास्तीत जास्त वॉशर पेलून दाखवायचे. या अटींमुळेच त्याला अभियांत्रिकी म्हणायचं, नाहीतर ती हस्तकला झाली. (रंगरंगोटीला सरळ मनाई कर. मला ती वेळेची उधळपट्टी वाटते, तुला पटणार नाही हे ठाऊक आहे.) सपाट कागद लगेच वाकतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की तो ताठ होतो, कारण त्याची जाडी आता घडीच्या उंचीइतकी झालेली असते. पुढे वजन वाढलं की घड्या बाजूला पसरतात आणि पूल बसतो. तेव्हा टाळ्या नकोत, हळहळही नको. नेमका कुठे दबला, याचं चित्र वहीत काढायला लाव आणि मगच दुसरा कागद दे. पहिला नंबर वगैरे काढू नकोस. पूल स्वतःच्याच मागच्या पुलापेक्षा बरा झाला का, एवढंच विचार.

गट दोघांचाच ठेव. चौघांत एक जण करतो, एक सल्ले देतो आणि उरलेले दोघे वॉशर लपवतात. आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला आधी कल्पना दे, म्हणजे तक्रार येणार नाही.

लंबक झाला की मुलांच्या वह्यांतले आकडे मला पाठव. न जुळलेले आधी.

तुझा मित्र